मास्तरांचा डोळा आणि माझं व्याकरण

“लुक मी,” मी म्हणाले.

“ॲट,” समोरून उत्तर आलं.

हनुवटी यंत्राच्या टेकूवर, कपाळ पट्टीला चिकटलेलं, एक डोळा झाकलेला... अशा अवस्थेत माणूस श्वाससुद्धा जपून घेतो. हा दुरुस्त्या करत होता.

“काय म्हणालात?”

“लुक ॲट मी. मधे ‘ॲट’ हवा—” तो एकदम ओशाळला. “माफ करा हं. सवय लागलीये. मी इंग्रजी शिकवतो. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी शिकायला येतात ना लोक, त्यांना.”

“बरं. मग आता तोंड बंद आणि माझ्याकडे बघा. मराठीत.”

तो हसला. हसला म्हणून हनुवटी हलली, हनुवटी हलली म्हणून यंत्र कुरकुरलं, आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

डोळ्यांच्या दवाखान्यात माझं काम तपासणीचं. डॉक्टरांकडे जायच्या आधी प्रत्येक पेशंट माझ्या हाताखालून जातो. कोटाच्या खिशात कायम बॅटरी असते, म्हणून आमच्या मोठ्या मॅडमनी माझं नावच ‘टॉर्च’ पाडलंय. त्या दिवसांत त्यांनी एका मोठ्या नेत्रसंस्थेत सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी मला पुढे केलं होतं. तिथली यंत्रं मी फक्त फोटोत पाहिली होती आणि माझा जीव अक्षरशः तिकडे टांगलेला होता. पण मुलाखत इंग्रजीत! मग काय... ज्याच्या काखेत इंग्रजी पुस्तक दिसेल, तो पेशंट माझ्या सरावाचा बकरा. या बकऱ्याने मात्र शिंग उगारलं होतं.

“पण ‘ॲट’ का?” मी विचारलं. राहवलंच नाही. आत्या म्हणते, ही पोरगी जन्मली तेव्हा रडली नाही, ‘का’ म्हणाली.

“सांगू? हनुवटी हलेल.”

“हलू दे.”

“हे बघा. ‘सी’ सकर्मक आहे. त्याला कर्म थेट चालतं. आय सी यू. मी, पाहणं, तुम्ही— मधे कुणी नाही. ‘लुक’ तसं नाही. ते अकर्मक. त्याची नजर नुसतीच हवेत राहते. ती कुणावर टेकवायची झाली, तर मधे ‘ॲट’ घालावा लागतो.”

“म्हणजे मध्यस्थ.”

“अगदी! ‘सी’चं परस्पर जमतं. ‘लुक’ला मध्यस्थ लागतो.”

कुणीतरी एवढं सोपं करून सांगावं आणि सांगताना त्याचे डोळे असे चमकावेत... मी पटकन दिवा मालवला. तपासणीसाठीच. उगाच नाही.

अंधारात मी त्याच्या डोळ्यात प्रकाशाची बारीक पट्टी फिरवली. डाव्या डोळ्यात ती सरळ सरकली. उजव्यात मात्र मधोमध दुभंगली, मिटली, पुन्हा दुभंगली— कात्री उघडमीट करावी तशी.

माझी चेष्टा तिथेच थांबली.

“रस्त्यावरचे दिवे कसे दिसतात तुम्हाला?”

“शेपटीवाले,” तो म्हणाला. “प्रत्येक दिव्याला शेपूट.”

“आणि मी? डावा डोळा झाकून सांगा.”

“दोन. एक तुम्ही, आणि एक तुमच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या तुम्ही.” मग जरा थांबून, “माझी तक्रार नाहीये...”

“आमच्या घरचे एकीलाच कंटाळलेत,” मी म्हणाले. पण हात कार्डावर भरभर लिहीत होता.

मोठ्या मॅडमनी त्याच्या डोळ्याचा रंगीत नकाशा काढला. निळ्या-हिरव्या गोलात खालच्या बाजूला एक लाल डाग. त्या त्याला समजावत होत्या तेव्हा मी दाराशी उभी होते. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग पातळ होतोय आणि शंकूसारखा पुढे येतोय. पिवळे थेंब घालून त्यावर एका खास दिव्याचा प्रकाश सोडला की तो भाग कडक होतो आणि आजार आहे तिथे थांबतो. गेलेलं परत येत नाही, पण आहे ते राहतं. लवकर करून घ्या. “आणि डोळे चोळायचे नाहीत. अजिबात नाही!”

तो तेव्हा डोळाच चोळत होता.

पुढच्या तारखेला तो आला नाही. त्याच्या पुढच्या तारखेलाही नाही. न आलेल्या पेशंटना फोन करायचं काम माझं. मी फोन लावला.

“मास्तर, डोळा कुठे आहे?”

“जागेवर आहे.” आवाज पडलेला.

“मग इकडे का आणला नाहीत?”

“परीक्षा जवळ आल्यात. मुलांच्या... म्हणजे मुलं कसली, त्यातला एक आजोबा आहे.”

“आजोबांना डोळस मास्तर लागतील की नाही?”

तिकडून हळूच, “खरं सांगू? त्या टेबलावर झोपायचं, डोळा चिमट्याने उघडा ठेवायचा, आणि कुणीतरी आपल्या डोळ्याला काहीतरी करतंय हे त्याच डोळ्याने बघत राहायचं... माझ्या अंगावर काटा येतो हो.”

एवढा उंचपुरा माणूस आणि एवढ्या सरळपणे घाबरलो म्हणतो! मला हसायला यायला हवं होतं. आलं नाही.

“सौदा करू,” मी म्हणाले. “मला मुलाखतीपुरतं इंग्रजी शिकवा. दर वेळी दवाखान्यातच यायचं. शिकवून झालं की मी डोळा बघणार. टेबलाचं नंतर बघू.”

“आणि फी?”

“तुमचा डोळा.”

तो आला. येत राहिला.

आमची शाळा भरायची चष्म्यांच्या दुकानामागच्या खोलीत. दवाखान्याचंच दुकान ते. भिंतभर फ्रेमा टांगलेल्या. आपण बोलतोय आणि शेकडो रिकामे चष्मे ऐकतायत असं वाटायचं. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडायची आणि तो क्रियापदं.

“डिस्कस,” तो म्हणायचा. “वाक्य करा.”

“वी विल डिस्कस अबाउट युवर आय.”

“अबाउट काढा.”

“का? मराठीत आपण डोळ्याबद्दलच बोलतो ना? मग तो ‘बद्दल’ कुठे गेला?”

“तो ‘डिस्कस’च्या पोटात आहे. ‘टॉक’ला अबाउट लागतो. ‘डिस्कस’ला नाही. ते सकर्मक आहे, कर्माला सरळ भिडतं.”

“एन्टर?”

“सरळ. एन्टर द रूम. इन्टू नको.”

“गो?”

“गो इन्टू द रूम.”

“अर्थ तोच, खोली तीच, माणूस तोच. मग एकाला दार सताड उघडं आणि एकाने ‘इन्टू’ला विचारून यायचं... हा कुठला न्याय?”

“न्याय नाही हो, वहिवाट आहे.” आणि तो विचार करता करता हात डोळ्याकडे न्यायचा. मी टेबलावरून वाकून त्याचं मनगट धरायची. “मास्तर! चोळायचं नाही.”

पहिल्यांदा धरलं तेव्हा लगेच सोडलं. नंतर नंतर... सोडायला जरा उशीर व्हायला लागला. त्याचं क्रियापद अर्ध्यावर राहायचं, माझा घास अर्ध्यावर. मग कुणीतरी फ्रेम मागायला यायचं आणि आम्ही दोघं एकदम भिंतीकडे बघायचो.

काही प्रश्न मी मुद्दाम विचारायची, हे आता सांगायला हरकत नाही.

“मास्तर, रन म्हणजे धावणं. म्हणजे अकर्मक.”

“हो. पण ‘शी रन्स अ शॉप’ म्हटलं की सकर्मक. दुकान चालवते.”

“म्हणजे एकच क्रियापद कधी एकटं राहतं आणि कधी कुणाला तरी घेऊन चालतं?”

“पुष्कळशी तशीच असतात.”

“माणसांसारखं.”

त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला. स्वच्छच होता तो. कान मात्र लाल झाले होते. डोळ्याच्या नकाशातल्या डागाइतके.

“आणि ‘लव्ह’?” मी डब्याचं झाकण लावत विचारलं. “त्याच्या पुढे कोणतं अव्यय? मराठीत ‘वर’ लागतो, म्हणून विचारते.”

“काही लागत नाही,” तो चष्म्याकडे बघत म्हणाला. “ते... सकर्मक आहे.”

“अच्छा,” मी म्हणाले. घड्याळ बघितलं. पळाले.

घरी मी, बाबा आणि आत्या. बाबांनी आयुष्यभर बस चालवली. निवृत्त झाले तरी हात अजून स्टिअरिंगवरच. सोफ्यावर बसले तरी बातम्या ऐकता ऐकता वळणं घेतात. संध्याकाळी मला न्यायला दवाखान्याच्या फाटकापर्यंत चालत येतात. आई गेल्यापासूनचा नेम. फाटकात त्यांनी मास्तरांना दोन-तीनदा पाहिलं होतं. बोलणं नव्हतं. “तो चष्मेवाला कोण?” एकदा विचारलं. “पेशंट,” मी म्हणाले. “पेशंट मागे वळून वळून बघतो?” “त्याला दोन दोन दिसतात, बाबा.” बाबा ‘हं’ म्हणाले. बाबांचं ‘हं’ म्हणजे पिवळा सिग्नल.

सरावासाठी आमचं ठरलं होतं— फोनवर संदेश फक्त इंग्रजीत. मीही ठोकून द्यायची. आणखी एक वचन मी त्याच्याकडून घेतलं होतं, की टेबल होईस्तोवर स्कूटरला हात लावायचा नाही. दिव्यांना शेपट्या दिसणाऱ्या माणसाने रस्त्यावर काय दिवे लावायचे! त्याने तोंड वाकडं करून किल्ली खिशात टाकली होती. पण खिशात टाकलेली किल्ली बाहेर काढायला कितीसा वेळ लागतो?

तर त्या दुपारी मी एका आजींच्या डोळ्यात थेंब घालत होते. बाहेर पाऊस भुरभुरत होता. फोन थरथरला. मास्तर.

आय रॅन इन्टू युअर फादर निअर द ब्रिज. ही इज सिटिंग डाउन नाऊ. डोन्ट वरी. कम इफ यू कॅन.

मी वाचलं. परत वाचलं. रॅन... धावला. इन्टू... आत. फादर... बाबांच्या अंगावर!

ओला रस्ता, स्कूटर, तो उजवा डोळा. आणि ‘आता बसलेत’. म्हणजे आधी पडले होते!

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बाबांचा लावला, तर तो घरी वाजला आणि आत्याने उचलला. “अगं, ते विसरून गेलेत फोन. का गं? आवाज का असा?” मी काही न सांगता ठेवला. आजींच्या हातात कापूस दिला, मॅडमना नुसतं “बाबा” एवढं म्हणाले आणि कोटासकट रस्त्यावर आले. रिक्षा मिळेना. धावतच सुटले. पावसाचे थेंब चेहऱ्यावर येत होते, का दुसरं काही, कुणास ठाऊक. धावता धावता मी त्या माणसाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, आणि प्रत्येक शिवीनंतर... तो तरी धड असेल ना, असंही येत होतं. तेच मला सगळ्यात जास्त भीती घालत होतं.

पुलाजवळ गर्दी नव्हती. पोलीस नव्हते. चांभाराच्या टपरीवर ताडपत्री बांधलेली होती आणि तिच्याखाली बाकावर बाबा बसले होते— एक पाय अनवाणी, हातात चहाचा पेला. शेजारी मास्तर. तो स्टुलावर ठेवलेल्या दुसऱ्या पेल्यात बिस्कीट बुडवत होता.

“...तर ब्रेक लागेना,” बाबा सांगत होते, “मागे अख्खी बस भरलेली—”

“बाबा!”

दोघांनी वळून पाहिलं.

“कुठे लागलंय? डोकं बघू. चक्कर येतेय? स्कूटर कुठाय? तुला सांगितलं होतं ना हात लावायचा नाही म्हणून? वेडा आहेस का तू?”

बोलून गेले आणि मग लक्षात आलं. तू! सहा-सात आठवड्यांचं ‘तुम्ही’ एका दमात वाहून गेलं होतं.

“कसली स्कूटर?” मास्तर बिस्कीट तसंच धरून उभा राहिला. बिस्कीट तुटून चहात पडलं. “मी चालत चाललो होतो. तुमच्या... तुझ्या बाबांच्या चपलेचा अंगठा तुटला होता. एका पायावर उभे होते. मी त्यांना इथे बसवलं.”

“मग रॅन इन्टू काय?”

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “रन इन्टू... म्हणजे अचानक भेट होणं. गाठ पडणं.”

“धडकणं नाही?”

“धडकणंही होतं...” तो बारीक आवाजात म्हणाला. “दोन्ही होतं. हे शिकवायचं राहिलं.”

“आणि फोन?”

“पिशवीत. वर्गामुळे आवाज बंद असतो.”

मी बाकावर बसले, बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हसायला लागले. मग रडायला लागले. चांभार दाभण थांबवून बघत राहिला. बाबांनी डोक्यावरून हात फिरवला. “हात्तिच्या! चप्पल तुटली तर एवढं रडतेस, गाडी ठोकली असती तर?” मग घसा खाकरून म्हणाले, “बरं झालं आलीस. हा पोरगा काहीतरी म्हणतोय.”

“बाबा— काका—” मास्तर घाईघाईने म्हणाला. “ते आत्ता नको.”

“का नको? मी याला विचारलं, तू माझ्या मुलीला शिकवतोस ते ठीक, पण मागे वळून काय बघतोस? सरळ गाडी चालवणाऱ्याने आरशात बघावं. तर म्हणतो, मला ती आवडते. मी म्हटलं, तिला सांगितलंस? तर म्हणतो, नाही.”

ताडपत्रीवरून पाणी ठिबकत होतं. मास्तरकडे बघायची माझी हिंमत होईना. मग झाली, आणि राग आला.

“म्हणजे तू आधी बाबांना सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं...”

“मी रोज डबा घेऊन समोर बसते. मला नाही सांगावंसं वाटलं? माझ्यापर्यंत यायला मध्यस्थ लागतो तुला?”

बाबा चपलेकडे बघत होते, पण कान माझ्याकडे. आणि मग तो शिकलेला माणूस, वर्गात तासभर न अडखळता बोलणारा, घाबरून भलत्याच भाषेत घुसला.

“विल यू... विल यू मॅरी विथ मी?”

मी थबकले. कुठेतरी काहीतरी खटकलं होतं.

“विथ?” मी म्हणाले. “मॅरी सकर्मक आहे ना रे? मराठीत ‘माझ्याशी’ला लागतो तो ‘शी’ इंग्रजीत आणायचा नाही. मॅरी मी. सरळ.”

तो पांढरा पडला. “बरोबर. विथ नको. माझ्याकडून... देवा!”

“आणि उत्तर आत्ता नको,” मी उठत म्हणाले. “मला आधी घाबरवलंस, मग रडवलंस, आणि विचारलंस तेही चुकीचं. शिवाय तुझा डोळा अजून बाकी आहे. चला बाबा.”

बाबांनी एक पाय चपलेत घातला आणि जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली. “तिची आई पण लगेच हो म्हणाली नव्हती,” असं त्याच्या कानात म्हणाले. कानात म्हणजे बस ड्रायव्हरच्या आवाजात. पलीकडच्या फुटपाथवरही ऐकू गेलं असेल.

घरी आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “तुला काय वाटतंय?”

“मला कुतूहल वाटतं त्याचं,” मी म्हणाले. “उद्या तो काय सांगेल, कशावर हसेल... बघत राहावंसं वाटतं.”

“एवढ्यावर माणसं संसार करतात गं,” आत्या म्हणाली आणि दिवे लावायला गेली.

मुलाखत झाली. पडद्यावर तीन चेहरे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी चुकतमाकत दिलं. मग मधल्या बाईंनी विचारलं, पेशंट घाबरला आणि तपासणीला तयारच नाही झाला, तर काय करशील? मला उत्तर शोधावं लागलं नाही. “आय विल एक्सप्लेन—” पुढे ‘हिम’ म्हणणार होते, थांबले. “—एक्सप्लेन इट टू हिम. देन आय विल वेट फॉर हिम.” त्या बाई हसल्या. आठवड्याने निवड झाल्याचं कळलं.

मी सांगायला गेले तेव्हा मास्तर मागच्या खोलीत बसला होता. तो मनापासून आनंदला. टाळ्या वाजवल्या! आणि मग म्हणाला, “तू जाऊन ये. सहा महिन्यांनी आलीस की करू माझं टेबल. तू असशील तर मला धीर येईल.”

ऐकायला किती गोड. मी त्याचा नवा नकाशा त्याच्यासमोर ठेवला. लाल डाग वाढला होता.

“हा सहा महिने थांबणार नाही,” मी म्हणाले. “माझ्यासाठी डोळा थांबवून ठेवू नकोस. तो माझ्यासाठी करायचाच नाहीये तुला. तुला वर्गातल्या आजोबांच्या वह्या तपासायच्यात की नाही?”

त्याचा हात डोळ्याकडे निघाला. या वेळी मी मनगट धरायच्या आधीच अर्ध्यावर थांबला. त्याने आपणहून खाली घेतला.

“तू जायच्या आधीचा दिवस मिळेल?” त्याने विचारलं.

मिळाला. त्या दिवशी बाबा आणि आत्या बाहेरच्या बाकावर बसले. त्याचं इथे कुणी नव्हतं, मोठी बहीण लांब, ती फोनवरून आत्याला सूचना देत होती आणि आत्या तिला उलट सूचना देत होती. आत मोठ्या मॅडम, मी, आणि हिरव्या कापडाखाली मास्तर. फक्त उजवा डोळा उघडा, चिमट्याने ताणलेला.

“भीती वाटतेय?” मी विचारलं.

“हो,” तो म्हणाला. “खूप.”

“वाटू दे. बोलायचं नाही आता, हलायचं नाही. वरच्या दिव्याकडे बघायचं.”

डोळा आधी थेंबांनी बधिर केलेला होता. मॅडमनी आपलं नाजूक काम केलं. मग मी पिवळे थेंब घालायला लागले. एक... थोडं थांबून आणखी एक. डोळा हळूहळू पिवळसर झाला. मॅडमनी दिवा वर आणला आणि निळा-जांभळा गोल त्याच्या बुबुळावर स्थिरावला. आता नुसतं थांबायचं होतं. त्याचा श्वास मात्र उथळ, घाईघाईचा. कापडाखाली मूठ आवळलेली दिसत होती.

“बोलत राहा त्याच्याशी,” मॅडम म्हणाल्या. “आवाज ऐकला की शांत होतात माणसं.”

काय बोलू? मी थेंब सोडला. “बाबा म्हणालेत, रविवारी तू आमच्याकडे यायचं. मी नसले तरी. ब्रेक न लागलेल्या बसची गोष्ट अर्धी राहिलीये. आत्या तुझ्याकडून इंग्रजी शिकणार आहे. तिला फक्त भांडण्यापुरतं हवंय.”

श्वास थोडा लांबला.

“मी उद्या सकाळी जाईन,” मी म्हणाले. “आज, उद्या, परवा डोळा दुखेल. चांगलाच दुखेल, खोटं नाही सांगत. तेव्हा मी इथे नसेन, याचं मला वाईट वाटतंय. पण मी जाणार आहे. मला ती यंत्रं बघायचीच आहेत. तू नको म्हणाला असतास तरी गेले असते. तू म्हणाला नाहीस, उलट टाळ्या वाजवल्यास. वाजवत होतास तेव्हाच माझं ठरलं.”

निळ्या उजेडात त्याचं बुबुळ किंचित थरथरलं.

“पुलाजवळ विचारलं होतंस ना... त्याचं उत्तर हो आहे. आल्यावर. घाई नाही. पण हो.”

“टॉर्च!” मॅडम दुर्बिणीतून बघता बघता ओरडल्या. “पेशंटचा डोळा हलतोय. काय सांगितलंस त्याला?”

मी काही बोलायच्या आत हिरव्या कापडाच्या कडेखालून एक हात बाहेर आला. चाचपडत माझ्या कोटापर्यंत पोहोचला आणि बाहीचं टोक त्याने घट्ट धरलं. डोळा पुन्हा दिव्याखाली स्थिर झाला, अगदी मधोमध. मी ती बाही सोडवली नाही. दुसऱ्या हाताने बाटली धरली, आणि पुढचा थेंब नीट, जागच्या जागी सोडला.